दात पडला तर जबर, टाके पडले तर साधी दुखापत?

माडाखालचा:
नमस्कार मंडळी. विषय घरचाच आहे, पण प्रश्न तुम्हा सगळ्यांना विचारण्यासारखा आहे.

चतुर्थीच्या तीन आठवडे आधी आमच्या वाड्यावर गडग्यावरून, म्हणजे मधल्या दगडी कुंपणावरून, दोन घरांत जुंपली. दोन्ही घरं आमचीच, पणजोबा एक. पावसात चार चिरे ढासळले होते. ते परत रचताना गडगा वीतभर सरकला की नाही, एवढाच वाद. बोलता बोलता आमच्या चुलत भावाने (त्याला भाई म्हणतो) अण्णांच्या तोंडावर एक ठोसा दिला. अण्णा ६७ वर्षांचे, माझे धाकटे काका. त्यांचा खालचा एक दात पडला. अण्णांनी त्याला ढकललं, तो चिऱ्यांवर आपटला आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात फाटला. अकरा टाके. अंगण रक्ताने भरलं ते भाईच्या. अण्णांनी चूळ भरली, झालं.

पोलीस स्टेशनात उलटंच. दातावर एफआयआर नोंदला, भाईला नोटीस आली. भाईच्या अकरा टाक्यांवर मात्र ‘अदखलपात्र आहे, न्यायालयात जा’ म्हणून एनसीचा कागद हातात दिला. आमचा मुलगा मोबाईलवर अमेरिकन मालिका बघतो, तो म्हणाला, बाबा, हा ‘फर्स्ट डिग्री’ दात असेल. मी हसलो, पण उत्तर देता आलं नाही. गुन्हा मोठा की लहान हे आपल्याकडे ठरवतं कोण आणि कशावरून?

उर्राक:
अकरा टाके विरुद्ध एक दात. अण्णांचा दात सोन्याचा होता काय?

रापणकार:
सरळ आहे रे भावा. कोणाची ओळख वरपर्यंत, त्यावरून ठरतं.

निवृत्त_हवालदार:
रापणकार, दर वेळी तसं नसतं. मी ३१ वर्षं नोकरी केली. ही यादी आम्ही बनवलेली नाही, १८६० पासून छापील आहे. जबर दुखापतीचे आठ प्रकार दिलेत. पुंसत्व घालवणं, डोळ्याची नजर कायमची जाणं, कानाचं ऐकू येणं जाणं, अवयव किंवा सांधा जाणं, तो कायमचा निकामी होणं, डोकं वा चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं वा निखळणं, आणि शेवटचा प्रकार म्हणजे जिवाला धोका किंवा ठरावीक दिवस असह्य वेदना वा नेहमीची कामं बंद. यात टाके कुठेच नाहीत. पन्नास पडले तरी नाहीत. दात आहे. ठाणे अंमलदार काय करणार?

डिचोलीची_लेक:
म्हणजे हाड आणि दात एकाच रांगेत? मांडीचं हाड मोडलं तरी तेच कलम आणि अण्णांचा दात पडला तरी तेच?

निवृत्त_हवालदार:
कलम तेच बाय. शिक्षा किती द्यायची ते न्यायाधीश बघतो. सात वर्षांपर्यंत म्हणजे सात वर्षंच असं नाही.

दंतकथा:
हा माझा प्रांत आहे म्हणून लिहिते. दंतवैद्य आहे, असे दाखले पुष्कळ दिलेत.

दात ‘पडला’ एवढ्याने दाखला होत नाही. मूळ मोडलंय का, हाडातली खोबण ताजी फाटलीय का, आजूबाजूची हिरडी कशी आहे, हे बघून एक्स-रे काढावा लागतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दात आधीपासून हलत होता का. ६७ व्या वर्षी, हिरड्या गेलेल्या असतील, तंबाखू असेल, तर काही दात नुसत्या शिंकेची वाट बघत असतात. असा दात ठोशाने पडला की तो पिकलेल्या पानासारखा. मी दाखल्यात हे स्पष्ट लिहिते आणि मग आणणारे नातेवाईक माझ्याशी भांडतात. एकदा एक गृहस्थ रुमालात दात बांधून घेऊन आले. तपासला तर दाढ होती, आणि त्यांच्या सगळ्या दाढा जागच्या जागी. कोणाची दाढ होती देव जाणे.

उर्राक:
दाढ उसनी आणली 😂 चतुर्थीला समई आणतात तशी.

माडाखालचा:
दंतकथाताई, अण्णा मशेरी लावतात. पण दात हलत होता की नाही हे आता कोण सांगणार? काकी म्हणते, गेल्या उन्हाळ्यापासून ते काजूबी त्या बाजूने चावत नव्हते. ती हे कोर्टात बोलली तर घरात वेगळं महाभारत.

काळाकोट:
वकील आहे, म्हापसा आणि मेरशीला काम करतो. इथे लिहितो तो सल्ला समजू नये, कागद बघितल्याशिवाय कोणी सल्ला देऊ नये. पण धाग्यात चांगले मुद्दे निघालेत म्हणून सविस्तर.

आपल्याकडे ‘डिग्री’ हा शब्द कायद्यात नाही. खुनाला फर्स्ट-सेकंड अशा पायऱ्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाने १७९४ मध्ये पहिल्यांदा घातल्या. फाशी फक्त वरच्या पायरीला उरावी हा हेतू. तिथून ते बाकीच्या राज्यांत आणि मग तुमच्या मुलाच्या मोबाईलवर आलं. पण पायऱ्या आपल्याकडेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या पुन्नय्या खटल्यात म्हटलं की आपली संहिता व्यवहारात सदोष मनुष्यवधाच्या तीन पायऱ्या मानते. सगळ्यात वरचा खून. मधला म्हणजे जुन्या दंड संहितेच्या ३०४ चा पहिला भाग, जिथे हेतू असतो. खालचा म्हणजे त्याचाच दुसरा भाग, जिथे हेतू नाही पण जीव जाऊ शकतो याची जाणीव आहे. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा १०३ मध्ये आणि हे दोन भाग १०५ मध्ये. हयगयीने मृत्यू, म्हणजे जुनं ३०४-अ, आता १०६. ती या तीन पायऱ्यांच्याही खाली, अंगणात.

आता दात. साधी दुखापत ११५(२): एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अदखलपात्र. जबर दुखापत ११७(२): सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, दखलपात्र, पण जामीनपात्र. दखलपात्र म्हणजे पोलीस आपणहून तपास करू शकतात. अदखलपात्र म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासाला हात लावता येत नाही. म्हणून तुमच्या भाईला कागद देऊन वाटेला लावला. त्याच्या रक्ताची किंमत कमी धरली असं नाही, त्याचा दरवाजा वेगळा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नसते, नोटीस द्यायची, म्हणून भाईला नोटीस.

अजून एक. नुसता दात पडणं पुरेसं नाही. मारणाऱ्याला जबर दुखापत करायची होती किंवा ती होईल याची जाणीव होती, हे सिद्ध व्हावं लागतं. एक ठोसा, जुना हलता दात... मी भाईचा वकील असतो तर काकींनाच साक्षीला बोलावलं असतं.

माडाखालचा:
नको नको. काकीला नको.

आबोली:
मला हे सगळं मान्य नाही. कायदा परिणाम मोजतो, माणसाच्या मनातलं मोजत नाही. दोघांनी एकाच रागात एकमेकांना मारलं. एकाचं नशीब की समोरच्याच्या हिरड्या कच्च्या, दुसऱ्याचं नशीब की चिऱ्याची धार हाडाला लागली नाही. याला न्याय म्हणायचं का सोडत?

फोंडेकर:
आबोली, पण मन मोजायचं कसं? दात मोजता येतो. बत्तीसच असतात.

आबोली:
अण्णांचे बत्तीस नसणार 😄 पण मुद्दा टाळू नका.

काळाकोट:
आबोलीताई, मन मोजतातच. खून आणि सदोष मनुष्यवध यातला सगळा फरक मनाचा आहे, प्रेत तर दोन्हीकडे सारखंच. नानावटी खटला आठवा. १९५९ ची घटना, नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळी घातली. वाद हाच की अचानक आणि गंभीर चिथावणी होती का. ज्युरीने सोडलं, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. चिथावणी आणि गोळी यांच्यात राग थंड व्हायला वेळ मिळाला होता, म्हणून खालची पायरी मिळाली नाही. घड्याळसुद्धा मोजतं म्हणायचं.

सुशेगाद_नाही:
विषय निघालाच आहे तर गाड्यांचं बोला. २०२३ च्या ऑगस्टात बाणस्तारी पुलावर अपघात झाला, तीन माणसं गेली, तेव्हा गोव्यात घरोघर एकच चर्चा होती, ३०४ की ३०४-अ. तोवर मला वाटायचं ‘अ’ म्हणजे काहीतरी जास्त कडक.

काळाकोट:
सगळ्यांनाच तसं वाटतं. उलट आहे. ३०४-अ ला तेव्हा दोन वर्षांपर्यंत आणि जामीन हक्काचा. ३०४ ला दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप आणि जामीन न्यायालयाच्या मर्जीवर. एका अक्षराने माणूस त्या रात्री घरी झोपतो की कोठडीत ते ठरायचं. त्या खटल्यावर बोलत नाही. पण मुंबईत कार्टर रोडला २००६ मध्ये दारूच्या नशेत पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण गेले. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ३०४ चा दुसरा भागच योग्य ठरवला आणि तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. पिऊन गाडी चालवणाऱ्याला काय होऊ शकतं याची जाणीव असते, हे त्यामागचं तर्कशास्त्र. आता १०६(१) मध्ये हयगयीला पाच वर्षांपर्यंत आहे. अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांचं १०६(२) लिहिलं, पण २०२४ च्या जानेवारीत ट्रकवाल्यांनी संप केला आणि १ जुलैला संहिता लागू करताना तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं.

रापणकार:
सात माणसं, तीन वर्षं. आणि भाईने पाडलेल्या एका दाताला सात. वकीलबाब, तुम्हीच सांगा.

काळाकोट:
सात ‘पर्यंत’. कमाल आकडा आहे तो. एका ठोशाला सात वर्षं झालेली मी तरी पाहिली नाहीत.

निवृत्त_हवालदार:
हा ‘पर्यंत’ लोकांच्या कानात शिरतच नाही. मी ड्युटीवर असताना माणूस यायचा तोच मुळी कलम ठरवून. ‘साहेब, ३०७ लावा.’ काय झालं? शेजाऱ्याने झाडू उगारला. जीवे मारण्याचा प्रयत्न म्हणे. एनसी म्हटलं की त्याला वाटतं आपला अपमान झाला. आपली बाजू खरी असं ऐकण्यापेक्षा समोरच्याचं कलम मोठं हे ऐकायला माणूस येतो. मग तेच दोघं दोन वर्षांनी हातात हात घालून येतात, ‘साहेब, काढून टाका हो’.

बेताळभाटकार:
पायऱ्या बघायच्या तर अमली पदार्थांचा कायदा बघा. तिथे मन नाही, परिणाम नाही, सरळ तराजू. चरस १०० ग्रॅमपर्यंत अल्प, एक किलोपासून व्यापारी. गांजा एक किलो आणि वीस किलो. कोकेन दोन ग्रॅम आणि शंभर ग्रॅम. अल्पला एक वर्षापर्यंत, मधल्याला दहापर्यंत, व्यापारीला कमीत कमी दहा आणि जामीन मिळणं म्हणजे दिव्य. किनारपट्टीवर राहतो, हे आकडे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यासारखे पाठ आहेत, दुर्दैवाने.

काळाकोट:
आणि तराजूतही भांडण आहेच. मिश्रण असेल तर शुद्ध माल मोजायचा की सगळं? २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सगळं मोजायचं. मग एलएसडी या अमली पदार्थाचा टिपकागदावरचा थेंब आला. कागदाचं वजन धरायचं का? व्यापारी प्रमाण ०.१ ग्रॅम, कागद धरला तर थोड्या तुकड्यांतच तेवढं भरतं. यावर न्यायालयांत बराच खल झालाय.

उर्राक:
कागदाच्या वजनाने दहा वर्षं. माझ्या प्रबंधाला फाशी झाली असती.

डिचोलीची_लेक:
आणि दुसऱ्या टोकाला धिरयो, म्हणजे बैल-रेड्यांच्या झुंजी. उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंद केल्या, तरी कापणीनंतर शेतात गर्दी दिसतेच. मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढून वाचला. १९६० चा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! पन्नास! रेड्यावर हजारांच्या पैजा आणि दंडात एक भजीपाव येत नाही.

काळाकोट:
ती पायरी १९६० च्या रुपयात गोठली. पण रेडा कायमचा जायबंदी केला किंवा मारला तर न्याय संहितेचं ३२५ आहे, पाच वर्षांपर्यंत. तिथे पन्नास रुपयांत सुटका नाही.

फोंडेकर:
मला चोरीतली मोजदाद आवडते. चौघांनी धमकावून लुबाडलं तर जबरी चोरी, पाचवा सामील झाला की दरोडा. हमरस्त्यावर लुटलं तर दहा वर्षं, पण सूर्यास्तानंतर लुटलं तर चौदा. अंधाराची चार वर्षं वेगळी! १८६० सालात रस्त्यावर दिवा नव्हता, ते ठीक. आता पर्वरीच्या हायवेवर रात्री दिवसापेक्षा जास्त उजेड.

माडाखालचा:
नारळाचं काय हो? भाई माडावरचे नारळ पाडतो, आमच्याकडे नारळावरूनही बोलणी होतात.

काळाकोट:
माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा, पहिलीच वेळ आणि माल किंवा किंमत परत केली तर कैदेऐवजी समाजसेवा. नवीन आहे हे. आणि गंमत अशी की नारळ माडावर आहे तोवर चोरी होऊ शकत नाही, कारण तो जमिनीला जोडलेला. तोडला त्या क्षणी चोरी.

फोंडेकर:
नारळ ४० ला धरला तर १२५ चे बरोबर पाच हजार. ‘पेक्षा कमी’ म्हटलंय. १२४ वर खाली उतरायचं.

सावईकर:
उशिरा आलो, पण पायऱ्यांवरून एक आठवलं. माझे वडील पोर्तुगीज राजवटीतल्या शिक्षांबद्दल सांगायचे. पोर्तुगालला आपल्या कायद्याचा मोठा अभिमान, साध्या गुन्ह्यांसाठी फाशी त्यांनी १८६७ लाच रद्द केली, युरोपात पहिल्या काहींत. कागदावर आपल्यापेक्षा सौम्य. आणि त्याच राजवटीने आमच्या सावई-वेऱ्यात मराठी शाळा चालवणाऱ्या आणि गोवामुक्तीसाठी लढलेल्या मोहन रानडे यांना २६ वर्षांची शिक्षा दिली. गोवा १९६१ ला मुक्त झाला, ते पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले १९६९ ला. मुक्तीनंतर इथे भारतीय दंड संहिता आली, गावातल्या मारामाऱ्यांना इंग्रजांनी घातलेल्या पायऱ्या लागल्या. वडील म्हणायचे, पायरी किती उंच ते बघायचं असेल तर कोणाच्या घराची आहे ते आधी बघ. राजवटीविरुद्धचा गुन्हा कधीच ‘साधा’ नसतो.

आबोली:
सावईकरकाका, हे फार नेमकं लिहिलंत.

रापणकार:
मी पहिल्याच दिवशी हे म्हणालो होतो, फक्त मला कोणी ‘नेमकं’ म्हटलं नाही.

दंतकथा:
मूळ प्रश्नाकडे येऊ का? हवालदारकाकांनी आठवा प्रकार सांगितला, ठरावीक दिवस नेहमीची कामं बंद. भाई माड पाडतात ना? अकरा टाके पडलेल्या हाताने माडावर कसे चढतील? मग त्यांचीही जबरच झाली की.

काळाकोट:
वा डॉक्टर. मी तेच विचारणार होतो. आधी वीस दिवस होते, न्याय संहितेच्या ११६ मध्ये आता पंधरा केले आहेत. पंधरा दिवस भाई चढू शकला नसेल आणि तसा वैद्यकीय पुरावा असेल, तर त्याचीही तक्रार दखलपात्र होऊ शकते. नुसता पंधरा दिवसांचा औषधाचा कागद चालत नाही, खरंच काम बंद होतं हे दाखवावं लागतं. माडाखालचा, भाई पुन्हा माडावर कधी चढला?

माडाखालचा:
दहाव्या दिवशी.

काळाकोट:
का?

माडाखालचा:
चतुर्थीचे नारळ. पाच-सहा घरांची ऑर्डर घेतली होती. त्यात अण्णांचं घरही. हाताला प्लास्टिक बांधून चढला. टाके अजून काढायचे होते.

निवृत्त_हवालदार:
गेला. पाच दिवस कमी पडले. चतुर्थीने त्याला साधीत ढकललं.

उर्राक:
विघ्नहर्त्याने विघ्न केलं.

आबोली:
म्हणजे जो दुखत असताना कामाला गेला त्याची जखम लहान, आणि घरी बसला असता तर मोठी. यावरही ‘सोडत नाही’ म्हणणार का, काळाकोट?

काळाकोट:
यावर गप्प बसतो.

फोंडेकर:
बरं, अण्णांनी ते नारळ घेतले का पण?

माडाखालचा:
घेतले. पैसे काकीने दिले, मागच्या दाराने.

काळाकोट:
हे दोन्ही गुन्हे तडजोडीने मिटवता येतात, ज्याला लागलं त्याची तयारी हवी, जबरला न्यायालयाची परवानगीही. बलात्कार, खून यांना ती सोय नाही. ही पण एक पायरीच आहे, सरकारचं भांडण की तुमचं. आणि सगळ्यात खालची पायरी कलम ३३ मध्ये आहे. शहाण्या, साध्या स्वभावाच्या माणसाने तक्रार करू नये इतकी किरकोळ इजा गुन्हाच नाही.

उर्राक:
शहाणा, साध्या स्वभावाचा माणूस. आणि गडग्याला लागून राहणारा? असा कोणी सापडला तर फोटो टाका.

माडाखालचा:
सगळ्यांना धन्यवाद. कालची खबर सांगतो.

आमचा गणपती एकच, मूळ घरात, सगळी घरं तिथेच जमतात. दीड दिवस अण्णा आणि भाई माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) शेजारी शेजारी उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. आरतीत ‘स’ आला की अण्णांच्या तोंडातून शिट्टी वाजते, पोरं फिदीफिदी. दुसऱ्या आरतीला भाईलाच हसू फुटलं. अण्णांनी बघितलं, पण ताम्हण खाली ठेवलं नाही.

काल काकी निरोप घेऊन आली. अण्णा तक्रार मिटवायला तयार आहेत, पण नवीन दाताचा खर्च भाईने द्यायचा. भाई म्हणतो अर्धा देतो, कारण अर्धा दात आधीच गेला होता. गडग्याची मोजणी मागितलीय, तारीख अजून आलेली नाही. दंतकथाताई, अर्ध्या दाताचे किती होतात?

दंतकथा:
अर्धा बसवत नाही हो आम्ही.